शनिवारचे सामने

हॅमिल्टन शहरात ज्याला सगळे माउंटन म्हणतात, तो वस्तुतः डोंगर नव्हे. तो एक लांबच लांब कडा आहे, आणि शहराचा अर्धा संसार त्याच्या पायथ्याशी व अर्धा माथ्यावर मांडलेला आहे. पायथ्याशी पोलादाचे कारखाने आणि सरोवर. माथ्यावर घरे, दुकाने, आणि त्यांच्या मधोमध एक कॉलेज. या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच रफाएल आष्टमकर यांना त्या हिवाळ्यात जो घाव बसला, तो मैदानावर बसला नव्हता. मैदान तर तेव्हा गुडघाभर बर्फाखाली झोपलेले होते.

रफाएल मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल समाजाचे. कोकणात या समाजाला शनिवार तेली असे नाव होते. कारण तेलाचे घाणे चालविणारे हे यहुदी लोक शनिवारी घाण्याला हात लावीत नसत. रफाएल यांच्या पणजोबांचा घाणा केव्हाच थांबला होता. शनिवार मात्र विमानात बसून त्यांच्यासंगे कॅनडास आला होता. शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागला की ते मोटार चालवीत नसत, दिवा लावीत नसत, आणि आपला फोन बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून वरून झाकण दाबून टाकीत. शनिवारी सायंकाळी आकाशात तीन तारे दिसले म्हणजेच ते झाकण निघे.

आता, कॉलेजांच्या लीगचे सामने शनिवारी आणि रविवारी असतात, ही गोष्ट लीगने काही रफाएल यांना विचारून ठरविलेली नव्हती. त्यावर त्यांनी प्रारंभापासूनच एक तोड काढली होती. रविवारचे सामने त्यांचे, शनिवारचे सामने त्यांच्या असिस्टंटचे. शुक्रवारी दुपारी ते असिस्टंटला समोर बसवून सारा डाव तोंडी समजावून सांगत. आणि शनिवारी सामन्याच्या वेळी घरातील खिडकीपाशी खुर्ची ओढून, जणू काचेपलीकडे मैदानच आहे अशा मुद्रेने, निमूटपणे बसून राहत. तीन तारे दिसेपर्यंत त्यांना निकाल कळत नसे.

हा संघ त्यांनीच उभा केला होता. ते आले तेव्हा गोलाला जाळीदेखील नव्हती. त्यांनी मुलांना एक कसरत शिकविली, जी त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणापाशी नव्हती. एक गडी मधोमध खांबासारखा उभा राही, आणि बाकीचे सगळे चेंडू एकमेकांकडे ढकलीत त्याच्याभोवती बैलासारखे फिरत राहत. दिशा बदलायची ती खांबाने हाक दिल्यावर. या कसरतीला ते घाणी म्हणत. नायजेरियाचा, कोलंबियाचा, पंजाबचा, कुठलाही मुलगा असो, संघात आला की आठवड्याभरात तो ‘गानी, गानी’ असे ओरडू लागे. आपल्या मागे जगात काही उरायचे असेल तर ते हेच, असे रफाएल यांना मनोमन वाटत असे. पण तसे ते कोणाला बोलून दाखवीत नसत.

देवेश हा त्यांचा अलीकडच्या पाच वर्षांतील असिस्टंट. कोल्हापूरचा पोरगा, तालमीच्या फुटबॉलवर वाढलेला. शिकण्यासाठी कॅनडाला आला तेव्हा पहिले दोन हिवाळे तो रफाएल यांच्याच बेसमेंटमध्ये राहिला. मैदानावर तो त्यांना सर म्हणे आणि घरी काका. त्यांची पत्नी सिपोरा हिला तो मावशी म्हणे, आणि ती त्याला वाढताना भाताचा दुसरा डाव न विचारता घाली. पुढे त्याचे लग्न झाले, गौरांगी आली, त्यांनी पायथ्याशी एक लहानसा कोंडो, म्हणजे फ्लॅट, भाड्याने घेतला; तरी शनिवारी बर्फ पडले की देवेश माथ्यावर येऊन रफाएल यांच्या दाराचे बर्फ शोव्हल करून जात असे, कारण त्या दिवशी त्या घरात फावड्याला कोणी हात लावणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, जी रफाएल यांनी सिपोराखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. असिस्टंट झाल्यावर देवेशचा पहिलाच शनिवार टोरांटोच्या एका बलाढ्य कॉलेजाविरुद्ध पडला, आणि संघाचा पार धुव्वा उडाला. त्या रात्री मुलगा जेवला नाही. मावशीने हाक मारली तर बेसमेंटच्या पायरीवरून नुसते “भूक न्हाई” एवढेच म्हणाला. रफाएल यांच्या काळजाचे पाणी झाले. पुढल्या फेब्रुवारीत, लीगचे वेळापत्रक ठरण्याच्या वेळी, त्यांनी लीगच्या कचेरीतील डोरीन नावाच्या बाईंना फोन केला आणि विनंती केली, की आमच्या संघाला शनिवारी उत्तरेकडची लहान कॉलेजे द्यावीत आणि टोरांटोची मोठी कॉलेजे रविवारी. कारण विचारल्यावर ते चाचरत म्हणाले, शब्बाथ. डोरीनबाईंनी श्रद्धेचा मान राखून पुढे काही विचारले नाही. दर फेब्रुवारीत हा फोन होऊ लागला. देवेश शनिवारी जिंकू लागला, त्याच्या चेहऱ्यावर तेज चढू लागले. आणि रफाएल रविवारी वाघाच्या गुहेत शिरून कधी जिंकत, कधी हरत. मागल्या दोन मोसमांत बहुतेक हरलेच.

त्यातच काळ फिरला. परदेशी विद्यार्थी येण्यावर सरकारने बंधने घातली, कॉलेजचे वर्ग ओस पडले, आणि जे काही आवश्यक नाही ते छाटण्यास प्रारंभ झाला. फुटबॉलचा संघ ठेवावा की मोडावा, हे त्या हिवाळ्यात ठरावयाचे होते. ठेवलाच, तर यापुढे दोन कोच परवडणार नव्हते. रफाएल यांनी रात्री जागून आपली बाजू मनात शंभर वेळा मांडली होती: संघ वाचवायचा, आणखी एक मोसम आपण करायचा, आणि मग तो देवेशच्या हाती द्यायचा. ते फक्त बोलावण्याची वाट पाहत होते.

जानेवारीअखेरच्या एका शुक्रवारी, दिवस कलताना, देवेश दारात आला. बुटांचे बर्फ झाडीत तो आत डोकावला.

“काय ओ काका, सूर्य चाललाय. फोन डब्यात गेला का न्हाई?”

“जातोय, जातोय. तू काय पहारेकरी आहेस का?” रफाएल हसून म्हणाले. “उद्या बर्फ सांगितलंय. येशील ना?”

“उद्या जरा उशीर होईल. काम हाय एक.”

“गौरांगीला डॉक्टरकडे न्यायचंय?”

“नाही, तसं नाही,” तो म्हणाला, आणि सिपोराने पुढे केलेले चिक्कीचे दोन तुकडे उभ्याउभ्या घेऊन निघून गेला. रफाएल यांनी त्याच्यादेखत फोन डब्यात घातला होता आणि झाकण दाबले होते.

शनिवारी सायंकाळी तीन तारे दिसले. ढगांमुळे तिसरा तारा फार उशिरा सापडला. डबा उघडला तेव्हा फोनवर कॉलेजची दोन पत्रे येऊन पडली होती. पहिले शुक्रवारी सूर्यास्तानंतरचे: उद्या सकाळी बोर्डाची बैठक आहे, संघाच्या भवितव्यावर चर्चा होईल, उपस्थित राहावे. दुसरे शनिवारी दुपारचे: देवेशने उत्तम मांडणी केली, बोर्ड प्रभावित झाला, सोमवारी भेटू या.

रफाएल यांनी देवेशला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दाराबाहेरचे बर्फ तसेच होते.

“अहो, त्याला ऐन वेळी बोलावलं असेल,” सिपोरा म्हणाली.

“असेल,” ते म्हणाले. आणि तिने तसे म्हटल्याबद्दल त्यांना तिचा थोडा रागही आला, कारण ते स्वतः तेच म्हणण्याच्या बेतात होते.

सोमवारी कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख कॉलीन यांनी त्यांना आपल्या खोलीत बसविले. कॉलीनबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी कॉफी आणली, मुलगी नोगा एडमंटनला रुळली का, असे विचारले, आणि मग मूळ विषयाला हात घातला.

“तुम्ही शनिवारी आला नाहीत, तरी देवेशने तुमच्याबद्दल फार आदराने सांगितलं.”

“शनिवारी मी येऊ शकत नाही, हे आपल्याला माहीत आहे.”

“हो, म्हणून तर.” कॉलीनबाई किंचित गोंधळल्या. “बोर्डाने शनिवार आणि बुधवार असे दोन दिवस सुचवले होते. देवेश म्हणाला, शनिवारच ठेवा, शनिवारी नेहमी मीच त्यांच्या वतीने असतो, त्यांनाही तेच सोयीचं. तुमचं त्याच्याशी बोलणं झालं नव्हतं का?”

रफाएल यांनी कॉफीचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. ज्या मुलाने शब्बाथच्या ताटावर दोन हिवाळे भाकरी मोडली, त्यानेच त्या दिवसाची भिंत करून त्यांना तिच्यापलीकडे कोंडले होते. परका माणूस हे करू शकला नसता. परक्याला तो दिवस ठाऊकच नव्हता.

“झालं होतं,” ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी इतके सरळ असत्य क्वचितच उच्चारले असेल.

कॉलीनबाईंनी पडद्यावर एक चित्र उघडले. एका बाजूला शनिवारचे सामने, दुसऱ्या बाजूला रविवारचे. शनिवारची बाजू हिरवीगार, रविवारची तांबडी. खाली देवेशने मांडलेल्या योजनेत ‘फिरती पासिंग पद्धत’ नावाचे एक प्रकरण होते. मधोमध एक खेळाडू, भोवती फिरणारे बाकीचे. घाणी हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

“मी स्पष्ट बोलते, रफाएल. बोर्डात बरेच जण संघ बंद करायच्या मताचे होते. या एका चित्राने त्यांचं मन वळलं. तरुण कोच, जिंकण्याची सवय असलेला, एकटा सगळं सांभाळायला तयार. तुम्ही मोठ्या मानाने निवृत्त व्हाल, समारंभ करू. या आकड्यांबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?”

आता हा जो प्रश्न होता, त्याचे उत्तर रफाएल यांच्या जिभेच्या टोकावर होते. हिरवी बाजू हिरवी का आहे, हे पृथ्वीतलावर तेच सांगू शकत होते. एक वाक्य, आणि ते चित्र पडद्यावरून ओघळून पडले असते. पण त्या चित्राबरोबर संघही पडला असता. आणि आणखी एक गोष्ट होती. देवेशने खुर्ची बळकावली खरी. परंतु तो आपण जिंकणारा आहोत असे खरेपणाने समजून चालला होता, असे रफाएल यांना वाटत होते. ती समजूत त्यांनीच वर्षानुवर्षे त्याच्या अंगात थेंबथेंब उतरविली होती. आज ती काढून घेणे म्हणजे धावत्या पोराचे पाय मोडणे होय.

“आकडे बरोबर आहेत,” ते म्हणाले.

घरी आल्यावर सिपोराने सगळे ऐकून घेतले आणि पदर खोचून ओट्याकडे वळली. तिने भांडी आवरली. मग म्हणाली, “रविवारी मलिदा आहे. त्याला बोलावू नका.”

नोगा फोनच्या पडद्यावर होती. तिने सगळे ऐकले आणि आपल्या नेहमीच्या भाषेत म्हणाली, “डॅड, जस्ट टेल देम. व्हाय आर यू प्रोटेक्टिंग हिम?”

“त्याला माहीत नाही गं,” रफाएल म्हणाले. “त्यानं माझी खुर्ची घेतली. पण त्याला खरंच वाटतं की ती त्यानं जिंकली.”

“सो?”

“सो काही नाही. तुझ्याकडे किती थंडी आहे ते सांग.”

मलिदा हा बेने इस्राएल लोकांचा एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने करावयाचा विधी. हिवाळ्यात, झाडांच्या सणाला, तो रफाएल यांच्या घरी दरवर्षी होई. भिजविलेल्या गोड पोह्यांत नारळ, वेलची, बदाम. पोह्यांच्या ढिगाभोवती फळे. वर एक गुलाब, जो या ऋतूत कॅनडात मिळविणे हेच अर्धे पुण्य. प्रार्थना झाली की ताटातला वाटा जमलेल्या प्रत्येकाला द्यायचा. कोणाचाही धर्म विचारायचा नाही. गेली कित्येक वर्षे संघातील मुले या ताटाला येत आणि नव्या मोसमासाठी मनातल्या मनात काहीतरी मागत. म्हणून रफाएल यांनी सिपोराचे ऐकले नाही. हन्नबीच्या ताटावरून माणसाला वगळण्याचा अधिकार आपला नव्हे, असे ते म्हणाले. परंतु खरे असे की त्यांना देवेशचे तोंड पाहायचे होते.

देवेश आला. गौरांगी बरोबर नव्हती. तिला उलट्या होत होत्या, असे तो म्हणाला. हातात फळांची पिशवी होती, कारण या घरात बाहेरचे शिजवलेले चालत नाही हे त्याला पाठ होते. मुले हॉलमध्ये गोंगाट करीत होती. तो थेट स्वयंपाकघरात आला, नेहमीसारखा बाही सरसावून सफरचंदे चिरायला बसला. रफाएल समोर केळी सोलीत होते. सिपोराने दोघांकडे एकदा पाहिले, गुलाब उचलला, आणि बाहेर निघून गेली.

“काका, रागावलाय?”

“सफरचंदाच्या बिया काढ आधी.”

“काढतोय की.” तो थोडा वेळ चिरत राहिला. “बाळ येतंय ओ. पुढल्या वर्षी दोघांपैकी एकालाच ठेवणार, हे पक्कं होतं. तुमचं घर झालंय, पोरगी मार्गी लागलीय. मी कुठं जाणार होतो?”

“मला सांगितलं असतंस तर मीच तुझं नाव घातलं असतं.”

“एक मोसम थांब, असं म्हणाला असता तुम्ही.”

हे खरे होते, म्हणून रफाएल यांनी पुढचे केळे उचलले. देवेशला वाटले, बांध फुटायचा होता तो फुटून वाहून गेला. त्याचा आवाज मोकळा झाला. आणि मग तो जे बोलला, ते इतक्या सहजपणे बोलला की क्षणभर रफाएल यांनाही ते सहजच वाटले.

“बरं, ते डोरीनला या आठवड्यात फोन करावा लागेल. वेळापत्रक ठरतंय. तुम्हीच करा, तिला तुमचं ऐकायची सवय हाय. नेहमीसारखंच सांगा. आणि जमलं तर यंदा पहिल्या आठवड्यात शनिवार-रविवार दोन्ही दिवस लहान कॉलेजंच द्या म्हणावं. टोरांटोवाले शेवटाला.”

रफाएल यांच्या हातातले केळे अर्धे सोललेले तसेच राहिले.

“नेहमीसारखं म्हणजे काय, देवेश?”

देवेशने सुरी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला तो आधी कानांवरून उतरला. परंतु तो खोटे बोलला नाही; एवढे मात्र त्याच्याविषयी सांगितले पाहिजे.

“तुला माहीत होतं,” रफाएल म्हणाले.

“पहिल्याच वर्षी. डोरीनचा फोन आला होता, तुमचा डब्यात होता. ती म्हणाली, तुमच्या कोचच्या धर्मात शनिवारी मोठ्या टीमशी खेळत नाहीत ना, म्हणून तशी सोय केलीय.” तो ओठ आवळून हसला, आणि ते हसू जागच्या जागी विरले. “मी म्हटलं, होय बाई. असंच असतं त्यांच्यात.”

“आणि मला विचारलं नाहीस.”

“काय विचारू? सर, मला जिंकू कशापायी देताय, असं?” आता तो सर म्हणाला होता. “तुम्हाला वाटतंय तुम्ही माझ्यावर उपकार केला. मी जिंकून घरी यायचो, तुम्ही पाठ थोपटायचा, मावशी गोड करायची, आणि मला घास गिळवायचा नाही. लहान पोराला कॅरममध्ये जिंकू देतात तसं. रविवारी टोरांटोवाले आले की मी बेंचच्या टोकाला बसून पाण्याच्या बाटल्या भरायचो. खरा सामना तुम्ही मला एकदा तरी दिला का?”

“त्याच खोट्या सामन्यांचं चित्र तू बोर्डापुढं मांडलंस.”

“त्यांना चित्रच पाहिजे होतं.”

“माझ्या शनिवारी.”

देवेशने मान खाली घातली. “तुम्ही बसला असता तर कुणीतरी विचारलं असतं, आणि तुम्ही खरं सांगितलं असतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. म्हणून शनिवार.”

हॉलमधून मुलांच्या हसण्याचा मोठा लोट आला. रफाएल यांनी ते केळे ताटात ठेवले. कॉलीनबाईंच्या खोलीत आपण कोणासाठी गप्प बसलो, हे त्यांना आठवले. धावत्या पोराचे पाय मोडू नयेत म्हणून ते गप्प बसले होते. आणि पोर त्या पायांची किंमत वर्षानुवर्षे जाणून होते, जाणून मैदानात उतरत होते, हात उंचावत होते, तीन तारे दिसल्यावर फोनवर “जिंकलो काका” असे सांगत होते. खुर्ची गेल्याचे दुःख त्यांनी पचविले असते. परंतु ते दर शनिवारचे “जिंकलो काका” आता एकेक करून परत येऊ लागले, आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा निघू लागला. खिडकीपाशी बसून त्यांनी ज्या आनंदाची वाट पाहिली होती, तो आनंद त्या घरात कधी आलाच नव्हता. दोघेही एकमेकांसाठी तो वठवीत होते.

आणि याहून वाईट असे, की मुलाच्या बोलण्यात एक काटा खरा होता. रविवारचे मोठे सामने त्यांनी स्वतःजवळ ठेवले होते ते केवळ देवेशवरच्या दयेपोटी, असे त्यांना आता छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

“मी सोमवारी कॉलीनला सांगितलं, आकडे बरोबर आहेत,” ते म्हणाले.

“कळलं मला. मी तुमचे पाय धरणार होतो आज.”

“धरू नकोस. मला वाटलं होतं तुला माहीत नाही.”

एवढे बोलून त्यांनी ताट उचलले. ते जड होते, आणि देवेश सवयीने दुसऱ्या बाजूला हात लावायला पुढे झाला. पण रफाएल यांनी ताट आपल्याकडे वळविले आणि एकटेच बाहेर घेऊन गेले. प्रार्थना झाली. तिच्यातली एक ओळ त्यांनी चुकून दोनदा म्हटली. मुलांना वाटले, निवृत्तीमुळे. मग सिपोरा एकेकाच्या हाती वाटा देत गेली. देवेश स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा होता. ती त्याच्यापाशी आली तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि मग ते कोटाच्या खिशात घातले.

“मावशी, गौरांगी एकटी हाय,” तो म्हणाला, आणि बूट घालून निघून गेला. त्याचा वाटा सिपोराच्या हातात राहिला. तो टाकता येत नाही. तिने तो एका डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफाएल यांनी लीगच्या कचेरीत फोन लावला.

“मी तुमचीच वाट पाहत होते,” डोरीनबाई म्हणाल्या. “नेहमीसारखं ना? शनिवारी लहान, रविवारी मोठे?”

रफाएल यांची नजर खिडकीबाहेर होती. रस्त्यापलीकडे शेजारी आपल्या दारातले बर्फ यंत्राने उडवीत होता.

“नाही. यंदा काही विनंती नाही. जसे येतील तसे येऊ द्या.”

“अरे.” बाई थांबल्या. त्या आदरशील होत्या, परंतु कुतूहल त्यांना आवरले नाही. “विचारलं तर रागावू नका. तुमच्या धर्मात काही बदल झाला का?”

“धर्म तोच आहे,” रफाएल म्हणाले. “कोच बदलला.”

“असं होय. मग माझ्यासमोर कच्चं वेळापत्रक आहे ते तसंच राहील. ऐकायचंय तुम्हाला? पहिलाच सामना टोरांटोच्या चॅम्पियन कॉलेजशी, तुमच्याच मैदानावर.” कागद सरकल्याचा आवाज आला. “सप्टेंबरातला पहिला शनिवार.”

खरा सामना. त्याने मागितलेला. रफाएल यांना तो बर्फाखालचा चौकोन एकदम हिरवा दिसला, मधोमध उभा खांब दिसला, भोवती फिरणारी पोरे दिसली, आणि रेषेपाशी एकटा देवेश, ज्याला शुक्रवारी दुपारी डाव समजावून सांगणारे कोणी नव्हते. तो हरावा असे आपल्याला वाटते की जिंकावा असे, हे त्यांनी मनाला विचारून पाहिले.

“चालेल ना?” डोरीनबाईंनी विचारले.

“चालेल,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सिपोरा दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

“बघायला जाल?”

“शनिवार आहे.”

“मग कळणार कसं?”

रफाएल उठले, त्यांनी खिडकीजवळची ती खुर्ची काचेपासून उचलून जेवणाच्या टेबलाकडे नेली आणि इतर खुर्च्यांच्या रांगेत लावली. मग ते सिपोराकडे वळले.

“तारे दिसल्यावर,” ते म्हणाले. “सप्टेंबरात फार उशिरा दिसतात.”